कणगीतली टेप

मुळशी तालुक्यात, ताम्हिणीजवळच्या एका वाडीत मला अजून ‘पेटीवाल्या बाई’ म्हणतात. माझं नाव तिथं कुणाला ठाऊक नाही आणि मीही कधी सांगायला गेले नाही. माझी सगळी नोकरी कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेली. कारखाने झाले, बँका झाल्या, कॉलेजं झाली. पण निवृत्तीनंतर कुणी विचारलं, की बाई, तुम्ही आयुष्यभर केलंत तरी काय, तर मला आधी ती वाडी आठवते आणि मग बाकीचं.

आमच्या हुद्द्याचं नाव कस्टमर इंजिनिअर. म्हणजे मशीन दुरुस्त करायचं आणि कस्टमरची बोलणी खायची. त्यात मी बाई. हातात हत्यारांची बॅग घेऊन दारात उभी राहिले, तरी समोरचा माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारायचा, “इंजिनिअर कधी येणार?” मी म्हणायचे, “आलाय. त्याला आधी पाणी द्या.” सुरुवातीला राग यायचा. पुढं पुढं मी त्याची मजा घ्यायला लागले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्याकडे युनिक्सवर चालणारी वर्कस्टेशन्स आली. आताच्या मुलांना सांगायचं तर हा टेबलावर मावणारा, पण रुबाबात वावरणारा कॉम्प्युटर. त्याला वातानुकूलित खोली लागायची आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. सगळी माहिती त्याच्या पोटातल्या डिस्कवर. आणि डिस्क म्हणजे भरवशाच्या म्हशीसारखीच, कधी दगा देईल सांगता यायचं नाही. म्हणून त्या माहितीची नक्कल टेपवर काढून ठेवायची. ती काढणारं यंत्र म्हणजे टेप ड्राइव्ह. जेवणाच्या डब्याएवढं असायचं. टेप गाण्याच्या कॅसेटसारखीच, पण जास्त थोराड, खाली अॅल्युमिनियमची पाटी असलेली.

हा डबा बसवायचा म्हणजे काय करायचं? आधी मशीन रीतसर बंद करायचं. खटकन बटण दाबून चालत नाही, तसं केलं तर ते रुसून बसतं. मग बोटाएवढी जाड केबल लावायची. एकाच केबलवर डिस्कही असते आणि टेपही, म्हणून प्रत्येकाला घरनंबर द्यायचा. दोघांचा नंबर एकच पडला, की दोघंही हाकेला ओ देतात आणि काम कुणाचंच होत नाही. केबलच्या शेवटच्या टोकाला एक बूच लावावं लागतं. ते राहिलं, की मशीन भ्रमिष्टासारखं करतं आणि इंजिनिअर भलतीकडेच शोधत बसतो. एवढं करून शेवटी युनिक्सला सांगावं लागतं, बाबा रे, घरात नवीन माणूस आलंय, ओळख ठेव. त्यासाठी त्याचा गाभाच नव्यानं बांधायचा. तो बांधून होईपर्यंत कस्टमर तीनदा चहा विचारतो आणि चौथ्यांदा विचारतो, “बिघडलं का?”

पण बसवणं सोपं होतं. वापरायला शिकवणं अवघड. पिरंगुटच्या एका कारखान्यात एक अकाउंटंट होते, अत्यंत टापटिपीचे. न चुकता रोज बॅकअप घ्यायचे. टेपवर एक छोटी चकती असते, ती ‘सुरक्षित’ या खुणेकडे फिरवली की टेपवर काही लिहिता येत नाही. सुरक्षित लिहिलेलं पाहून यांनी ती पहिल्याच दिवशी तिकडं फिरवलेली. मशीन रोज सांगायचं की लिहिता येत नाही, आणि हे रोज वाचून मान डोलवायचे. मी विचारलं, तर म्हणाले, “रोज तेच वाक्य येतंय, म्हणजे बरोबरच चाललं असणार.” नशीब, डिस्क शाबूत होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला घोकून घ्यायला लावलं, की घेतलेला बॅकअप उलट वाचून बघितल्याशिवाय तो बॅकअप नाही.

आता त्या वाडीच्या गोष्टीकडं वळते. पौडच्या पुढं एका संस्थेचं झऱ्यांचा अभ्यास करणारं केंद्र होतं. ते चालवायचे लेलेसर. मूळचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, कॉलेजातली नोकरी सोडून इथं येऊन राहिलेले. मुळशीत पाऊस मरणाचा पडतो आणि एप्रिल उजाडला की डोंगरावरच्या वाड्यांना प्यायला पाणी नसतं. कोणता झरा उन्हाळ्यात किती दिवस टिकतो, हे लेलेसर वर्षानुवर्षं मोजत आले होते. त्या नोंदींची कार्डं वाळवी खायला लागली, म्हणूनच हे वर्कस्टेशन आलं होतं. कार्डांवरचं सगळं मशीनमध्ये भरलं सुनंदा कांबळेनं. सुनंदा सासर-माहेर दोन्हीकडून मुळशीचीच, नांदायला जवळच्या रिहे गावात. बीएस्सी झालेली, केंद्रात ऑपरेटर. तिचं भरून झाल्यावर उरलीसुरली कार्डं सरांनी जाळून टाकली, म्हणजे वाळवी कपाटातल्या पुस्तकांना तरी लागू नये.

मी टेप ड्राइव्ह बसवला आणि सुनंदाला शिकवायला बसले. पोरगी हुशार. टार नावाची आज्ञा वापरायची, त्यात ‘सी’ म्हणजे नवीन लिही, ‘टी’ म्हणजे यादी दाखव, ‘एक्स’ म्हणजे परत बाहेर काढ. सीच्या जागी एक्स आणि एक्सच्या जागी सी झालं, की होत्याचं नव्हतं होतं. तिनं हे एकदा ऐकलं आणि कधी चुकली नाही. पण दोन टेपा कशाला, हे तिला पटेना.

“एक कपाटात हाय की मॅडम. दुसरी कशापायी?”

“कपाटाला आग लागली तर?”

“मंग ऑफिसच जळंल. टेपा घेऊन काय करायचं?”

मी म्हटलं, “सुनंदा, तुमच्या घरी भात झाला की सगळा खाता का?”

“न्हाई. बियाणं काढून ठेवतो.”

“मग ही दुसरी टेप म्हणजे बियाणं. ही ऑफिसात ठेवायची नाही. तुझ्या घरी ठेव, कोरड्या जागी, आणि कुणाला हात लावू देऊ नकोस.”

तिला एकदम पटलं. मलाही माझं कौतुक वाटलं. बाकीच्या कस्टमरांना मी हेच इंग्रजीत तासभर सांगायचे आणि त्यांच्या डोक्यावरून जायचं.

पुढं जुलैत, ऐन लावणीच्या दिवसांत, पौडच्या बाजूला वीज पडली. केंद्रातलं स्टॅबिलायझर जळालं आणि जाता जाता डिस्कला घेऊन गेलं. मी पुण्याहून नवी डिस्क घेऊन पोचले, तर लेलेसर व्हरांड्यात उभे. पाऊस तिरका येत होता, अर्धी बाही भिजली होती, आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. पुण्यात सरकारी बैठक तोंडावर आली होती. वाड्यांसाठी पाण्याच्या टाक्या कोणत्या झऱ्यांवर बांधायच्या, हे त्यात ठरणार होतं. सरकारी माणसांना रस्त्यालगतचे झरे हवे होते, कारण तिथपर्यंत सिमेंटचा ट्रक जातो. ते झरे पावसाळ्यात धो धो वाहतात आणि मार्चमध्ये कोरडेठाक पडतात. सरांचं म्हणणं, वर जंगलातले बारीक झरे मेअखेरपर्यंत टिकतात, तिथं बांधा. पण म्हणणं कोण ऐकतं? आकडे दाखवावे लागतात, आणि आकडे सगळे त्या डिस्कवर होते.

“टेप आहे ना?” मी म्हटलं. “काळजी कशाला करताय?”

कपाटातली टेप काढली आणि माझं तोंड उतरलं. मुळशीच्या हवेत पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते. टेपही पांढुरकी झाली होती. ड्राइव्हमध्ये घातली तर चार हात फिरून चिकटली. ओढायला गेले असते तर तुटली असती. मी ती बाहेर काढली, ड्राइव्हचं टेप वाचणारं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, आणि सुनंदाला म्हणाले, “बियाणं आण.”

ती छत्री घेऊन रिह्याला गेली ती दुपारी परत आली. पदर डोक्यावरून निथळत होता आणि हात रिकामे. “मॅडम, बियाणं गेलं.”

“गेलं म्हणजे?”

मग कळलं. बियाण्यासारखी जप म्हटलं होतं ना मी, तर या बाईनं टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर फडकं गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यासकट थेट बियाण्याच्या कणगीत पुरली होती. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली उंच टोपली. घरात त्याहून कोरडी जागा नाही, आणि बियाण्याला घरातलं पोरही हात लावत नाही. सगळं अगदी बरोबर होतं. फक्त आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही, की एकाच शेतात तेच बियाणं फार वर्षं पेरलं की जोर कमी होतो, म्हणून हे लोक सोयऱ्यांशी बियाणं बदलतात. पेरणीच्या तोंडावर सुनंदाच्या सासूनं कणगीतला आंबेमोहर पोत्यात ओतून ताम्हिणीकडं लेकीला पाठवला होता. सुनंदा तेव्हा ऑफिसात. टेप आंबेमोहराबरोबर नणंदेच्या घरी नांदायला गेली होती.

आणि ते होतं जूनच्या आधी. आता भात राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात पेरून, उगवून, रोपं उपटून लावणी चालू होती. पोत्यात कॅसेट निघाली तर शेतकरणीनं तिचं काय केलं असेल? पोरांनी फोडून रीळ बाहेर काढलं असेल, फिती करून कुंपणाला बांधल्या असतील चिमण्या हाकायला. हे मी मनात म्हटलं. तेच लेलेसर मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी जीपची किल्ली घेतली.

ताम्हिणीच्या वाटेवर पुढचं काही दिसत नव्हतं. सर काच पुसत गाडी हाकत होते. सुनंदा मागं बसून रडत होती. मी तिला म्हटलं, “तुझी चूक नाही. मीच सांगितलं बियाणं म्हणून.” ती म्हणाली, “तुमी सांगितलं ते बरोबरच हाय वो. आमच्या आत्याबाईंना सांगायचं ऱ्हायलं.” त्यावर सर म्हणाले, “सुनंदा, टेप नाही मिळाली तर आपण पुन्हा मोजायला सुरुवात करू.” पण ते साठीला टेकले होते, आणि तेवढी वर्षं त्यांच्याकडं उरली नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं.

सुनंदाची नणंद कौसाबाई शेतात होती. पाठीवर इरलं, गुडघाभर चिखल, हातात रोपांची मूठ. सुनंदा बांधावरनं ओरडली, “वन्सं, पोत्यात माजी एक पेटी आलीती का?”

कौसाबाईनं मान वर केली नाही. हातातली मूठ लावून संपवली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “आलीती. तुला आत्ता आटवन झाली व्हय?”

“कुटं हाय ती?”

“कुटं म्हंजे? बियाण्यात.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बियाणं तर पेरून झालं होतं. कौसाबाई बांधावर आली, पाय धुतले आणि आम्हाला घेऊन घराकडं निघाली. जाता जाता तिनं समजावलं. इथला पाऊस असा, की कधी राबच वाहून जातो. म्हणून सगळं बियाणं कधी पेरत नाहीत, थोडं मागं राखतात. दुबार पेरायची वेळ आली तर असावं म्हणून. पोतं ओततानाच तिला ती पेटी दिसली होती.

“उघडून नाही बघितलीत?” मी विचारलं.

“कशापायी बगू? आमच्या भावजयीनं बियाण्यात घालून धाडली. लिंबाचा पाला बी घातलेला. म्हनलं, असंल कायतरी राखायचं. पोरांनी मागितली, तर हाणला एक धपाटा. बियाण्याबरोबर आलेली वस्तू बियाण्यातच ऱ्हायला पायजे.”

घरात चुलीच्या पलीकडं तिची छोटी कणगी होती. तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं. मी उलगडलं. टेप कोरडी ठणठणीत, खालची पाटी चकाकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेलेसर दाराच्या चौकटीला धरून उभे होते, ते खालीच बसले. कौसाबाईला वाटलं त्यांना चक्कर आली. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि चुलीवर चहा टाकला.

मी आभार मानून टेप पिशवीत घालायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. “आसं न्हाई न्यायचं. बियाण्यातनं काडलं की तितं कायतरी घालाया लागतं. जागा मोकळी ठेवत न्हाईत.”

माझ्या बॅगेत एक नवी टेप होती. मी ती दिली. तिनं उलटसुलट करून बघितली. “ह्यात काय हाय?”

“काही नाही. कोरी आहे.”

“मंग रिकामी कशी ठिवायची बियाण्यात?” तरी तिनं ती फडक्यात गुंडाळली. “तवर ऱ्हाऊ दे. पर हिच्या बदल्यात भरून आना. इसरायचं न्हाई.”

लेलेसर म्हणाले, “मी स्वतः आणून देईन.”

चहा पिताना त्यांनी तिला विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता? तिनं दारातनं वर जंगलाकडं बोट दाखवलं. “उंबरझऱ्यावरनं. तुमीच येता न्हवं का तितं डबा घेऊन? लई वर्सं मोजताय. मोजून पानी वाडलं का?”

सर हसले. सकाळपासून पहिल्यांदा. “वाढलं नाही. पण आता तुमच्या दारात आणता येईल, बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी डिस्क बसवली. घरनंबर दिले, टोकाचं बूच दोनदा तपासलं. टेपची चकती ‘सुरक्षित’कडं फिरवली, कारण आता चूक झाली तर ती निस्तरायला तिसरी टेप नव्हती. मग टेप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फिरवून घेतली. जीपच्या धक्क्यांनी ती आतल्या आत सैल पडते, तिला पुन्हा घट्ट गुंडाळून घ्यावं लागतं. मग मी सुनंदाला म्हटलं, “बस खुर्चीवर. तुझं बियाणं आहे, तूच काढ.”

तिनं आधी ‘टी’ दिला. यादी. पडदा रिकामाच राहिला, ड्राइव्ह घरघरत राहिला, आणि मग एकेक ओळ वर सरकायला लागली. प्रत्येक झऱ्याची एक फाइल होती. नावं इंग्रजी लिपीत, काटछाट केलेली, पण सर ती मराठीत मोठ्यानं वाचायला लागले. देवझरा. कोंडीचं पाणी. खालचा टाका. करवंदीचा झरा. उंबरझरा आला तेव्हा सुनंदा म्हणाली, “वन्संचा,” आणि डोळे पुसून तिनं ‘एक्स’ दिला.

पावसाळ्यातल्या नोंदी तेवढ्या गेल्या, कारण ही टेप मेअखेरची होती. सर म्हणाले, जाऊ द्या. पावसाळ्यात काय, पाणी सगळीकडंच असतं. त्यांना हवे होते ते एप्रिल-मेचे आकडे, आणि ते एकूण एक होते.

बैठकीत काय झालं ते मी बघितलं नाही, सुनंदाकडून ऐकलं. वाद झाला, सिमेंटच्या ट्रकचा मुद्दा निघाला, सरांनी आकड्यांचे कागद टेबलावर पसरले. सगळ्या वाड्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. काही टाक्या रस्त्याकडेलाच झाल्या आणि अजून तिथं कोरड्या उभ्या आहेत. बघितल्या की वाईट वाटतं. उंबरझऱ्यावर मात्र टाकी झाली. सिमेंट वाडीतल्या माणसांनी डोक्यावरून वर नेलं.

आणि लेलेसर भरलेली टेप घेऊन कौसाबाईकडे गेले. तिथून रिवाजच पडला. पेरणीच्या आधी एकदा आणि मळणी झाली की एकदा, सुनंदा ताज्या नोंदींची टेप घेऊन जायची आणि कणगीतली जुनी घेऊन यायची. कधी रिकाम्या हातानं परत आली नाही, आंबेमोहराची पुरचुंडी बरोबर असायचीच. पुढं मोठ्या कंपन्यांत मी हेच काम बघितलं. दूरच्या गावी टेपा ठेवायच्या, त्यासाठी खास खोल्या, पहारे, करार. सगळे मला समजावून सांगायचे आणि मी मान डोलवायचे. कौसाबाईच्या कणगीइतका चोख बंदोबस्त मला कुठं दिसला नाही.

मला या धंद्यानं बोलणी पुष्कळ दिली, पण माणसंही दिली. लेलेसर आता नाहीत. ते वर्कस्टेशन भंगारात गेलं, टेपा वाचणारे ड्राइव्हही गेले. नोंदी वेळेवर नव्या मशीनवर उतरवून घेतल्या होत्या, ते सुनंदानं केलं. मी शिकवलेलं कुणी इतकं मनावर घेईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तिची मी फार ऋणी आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोघी ताम्हिणीला गेलो. कौसाबाई थकली आहे, दारात बसून असते. कणगी जाऊन प्लॅस्टिकचा पिंप आलाय. तिनं सुनेला हाक मारली, सुनेनं पिंपात हात घालून फडकं काढलं. आमची शेवटची टेप, भोवती लिंबाचा पाला, आणि पाला हिरवा होता, त्याच आठवड्यात बदललेला.

मी म्हटलं, “कौसाबाई, आता हिचा उपयोग नाही. ही वाचायचं मशीनच राहिलं नाही कुठं.”

“आमाला कुटं वाचायचीया?” ती म्हणाली. “राखायचीया.”

आणि सुनेला तिनं ती परत आत ठेवायला लावली.